मदत मागायला आलेल्याचं मनही सांभाळायचं आहे: सेवाभावी संस्थेत मानसिक आधाराची व्यवस्था कशी उभारावी

सेवाभावी संस्थेच्या दारात येणारा माणूस सहसा 'माझं मन ठीक नाही' असं म्हणत नाही. तो मुलांच्या फीसाठी, औषधांच्या खर्चासाठी, डोक्यावर छप्पर हवं म्हणून येतो. अर्ज भरता भरता त्याचा हात थांबतो, डोळे भरून येतात, किंवा साध्या प्रश्नावर आवाज चढतो. टेबलापलीकडचा कार्यकर्ता मनाने चांगला असतो, पण अशा वेळी काय करायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मग तो घाईने विषय बदलतो, नाहीतर समोरच्याचं सगळं ओझं स्वतःच्या खांद्यावर घेतो आणि काही महिन्यांत काम सोडतो. दोन्हींत नुकसानच आहे. आपुलकी एकेकाच्या स्वभावावर सोडून भागत नाही. तिला जागा, वेळ, हद्द आणि पाठीशी माणसं द्यावी लागतात. ही व्यवस्था लहान संस्थेलाही उभारता येते. कशी, ते इथे क्रमाने सांगत आहोत.

आधी हद्द लिहून काढा

पहिलं काम एका कागदाचं आहे. संस्था काय करेल आणि काय करणार नाही, हे एका पानात बसवा. करेल ते असं: शांतपणे ऐकून घेईल, तातडीची गरज भागवायला मदत करेल, योग्य ठिकाणी पोहोचवेल आणि नंतर विचारपूस करेल. करणार नाही ते असं: आजाराचं निदान, औषध सुरू किंवा बंद करण्याचा सल्ला, घरगुती भांडणात निवाडा.

या हद्दीत राहूनही खूप काही होतं. जागतिक आरोग्य संघटनेने इतर संस्थांबरोबर २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका काढली. तिचा गाभा तीन क्रियांचा आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही. आपत्तीतील मानसिक आधाराबद्दल आंतरराष्ट्रीय संस्थांनी २००७ मध्ये ठरवलेल्या मार्गदर्शक सूत्रांत चार थरांचा पिरॅमिड आहे. त्याच्या टोकाला तज्ज्ञांचे उपचार आहेत, तर पायाशी सुरक्षितता आणि मूलभूत गरजा, त्याही सन्मानाने पुरवलेल्या. म्हणजे रांग कशी लावता, नाव कसं पुकारता, 'आज नाही, उद्या या' हे कोणत्या सुरात सांगता, यापासूनच हे काम सुरू होतं. चार तास उन्हात उभं करून नंतर खोलीत समुपदेशन देणं म्हणजे आपणच दिलेल्या त्रासावर उपचार करणं.

मदत आणि मनातलं बोलणं यांची गाठ सोडवा

सेवाभावी कामातला हा सगळ्यात नाजूक भाग आहे, आणि त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. देणारा आणि घेणारा यांच्यात ताकद सारखी नसते. ज्याच्या हातात मंजुरी आहे त्याने 'घरी कसं चाललंय?' असं विचारलं, तर समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं. आपलं दुःख पुरेसं मोठं दिसलं नाही तर मदत मिळणार नाही, ही भीती त्यामागे असते. अशा वेळी माणूस जे सांगतो ते मन मोकळं करणं नसतं. तो अर्जाचाच एक भाग असतो, आणि सांगून झाल्यावर हलकं वाटण्याऐवजी लाज वाटते.

उपाय सोपे आहेत, पण कटाक्षाने पाळावे लागतात. मंजुरी देणारा माणूस आणि ऐकणारा माणूस वेगळे ठेवा. मनुष्यबळ कमीच असेल तर निदान वेळ वेगळी ठेवा: आधी मदतीचा निर्णय सांगून टाका आणि मगच म्हणा, 'मदतीचं काम झालं. आता वाटलं तर थोडं बसून बोलू शकतो. नाही बोललात तरी मदतीत काही फरक पडणार नाही.' हे वाक्य कार्यकर्त्यांना पाठ हवं. दुसरं, अर्जात मदतीसाठी लागते तेवढीच माहिती विचारा. घटस्फोट का झाला, मुलगा कसा गेला, हे रकाने काढून टाका. तिसरं, एकच कहाणी चार टेबलांवर सांगायला लावू नका. पहिल्याने नोंदवलेलं पुढच्याने वाचून घ्यावं. आणि देणगीदारांसाठी फोटो किंवा 'यशोगाथा' हवी असेल, तर ती मागणी ऐकणाऱ्या माणसाने कधीच करू नये. संमतीही दुसऱ्या दिवशी, नकाराची मोकळीक देऊन मागावी. रडून हलक्या झालेल्या माणसाकडून त्याच क्षणी घेतलेली सही ही संमती नव्हे.

माणसं, प्रशिक्षण आणि जागा

सुरुवातीला ४ ते ६ ऐकणारे स्वयंसेवक आणि त्यांच्यावर देखरेख करणारा एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ एवढं पुरेसं आहे. तो आठवड्यातून काही तास देणारा असला तरी चालेल. देखरेखीची सोय नसेल तर सेवा सुरू करू नका, थांबा. निवडताना खूप बोलणारे, पटकन उपाय सांगणारे किंवा गेल्या काही महिन्यांतच मोठ्या आघातातून गेलेले उमेदवार तूर्त दुसऱ्या कामाला लावा. सुरुवातीचं प्रशिक्षण १२ ते १६ तासांचं ठेवा आणि त्यातला निम्मा वेळ प्रत्यक्ष संवादाच्या सरावाला द्या. व्याख्यान ऐकून कुणाला ऐकायला येत नाही.

जागा साधी चालते, पण आडोसा हवा. आतलं बोलणं बाहेर ऐकू जाऊ नये आणि दाराच्या काचेतून आतली माणसं मात्र दिसावीत. यात दोघांचीही सुरक्षितता आहे. दोन खुर्च्या समोरासमोर न मांडता थोड्या तिरप्या ठेवा, म्हणजे नजर चुकवायची असेल तर चुकवता येते. मध्ये टेबल नको. दाराची वाट कुणीही अडवलेली नसावी. दोघांनाही दिसेल असं घड्याळ, पाणी आणि कागदी रुमाल हाताशी असावेत. एका बैठकीला ३० ते ४५ मिनिटं, दोन बैठकींमध्ये किमान १५ मिनिटं मोकळी, आणि एका पाळीत चारपेक्षा जास्त लांब बैठका नकोत.

प्रत्यक्ष बोलणं

सुरुवातीच्या दोन मिनिटांत तीन गोष्टी सांगा: तुमचं नाव आणि काम, किती वेळ आहे, आणि गोपनीयतेची मर्यादा. 'तुम्ही सांगाल ते इथेच राहील. फक्त तुमच्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा लहान मुलावर अत्याचार होत असेल, तर मला मदत घ्यावी लागेल. पण ते मी तुम्हाला सांगूनच करेन.' हे आधी न सांगता नंतर कुणाला तरी कळवावं लागलं, तर विश्वास तुटतो आणि तो माणूस पुन्हा कुणाकडेच जात नाही.

मग ऐका. ऐकणं म्हणजे गप्प बसणं नाही. समोरच्याने दिलेला धागा त्याच्याच शब्दांत परत हातात देणं म्हणजे ऐकणं. एखादी बाई म्हणाली, 'हे गेल्यापासून रात्री डोळ्याला डोळा लागत नाही,' तर 'झोपायच्या आधी मोबाइल बघू नका' हे उत्तर नव्हे. 'रात्र फार जड जाते' एवढंच म्हणा आणि थांबा. ती पुढे बोलेल. नाही बोलली तर विचारा, 'जाग आली की मनात काय काय येतं?' या प्रश्नाला हो-नाही असं उत्तर नाही, म्हणून तो दार उघडतो. 'तुम्ही असं का केलंत?' हा प्रश्न मात्र टाळा. त्यात जाब विचारल्यासारखं वाटतं आणि माणूस स्वतःचा बचाव करू लागतो. त्याऐवजी 'त्या वेळी काय झालं होतं?' असं विचारता येतं.

शांतता पडली की नवख्या कार्यकर्त्याला घाबरायला होतं. मनात सावकाश दहापर्यंत मोजा. बहुतेक वेळा त्याआधीच माणूस बोलतो, आणि त्या शांततेनंतरचं वाक्य महत्त्वाचं असतं. रडू आलं तर लगेच रुमाल हातात कोंबू नका. त्यातून 'आता पुरे' असा निरोप जातो. रुमाल जवळ सरकवा आणि बसून राहा.

चांगल्या मनाने बोलली जाणारी काही वाक्यं हमखास घात करतात. 'सगळं ठीक होईल' हे आपल्याला माहीत नसतं. 'तुमच्यापेक्षा वाईट परिस्थितीत लोक आहेत' याने दुःखावर अपराधाची भर पडते. 'मी समजू शकतो, माझ्या बाबतीतही असंच झालं' म्हटलं की बोलणं तुमच्याकडे वळतं. 'देवाची इच्छा' हे समोरचा स्वतः म्हणत असेल तर ऐकून घ्या, आपण होऊन म्हणू नका. सल्ला द्यावासा वाटणं साहजिक आहे. तरीही आधी विचारा: 'आतापर्यंत काय करून पाहिलंत? त्यातलं काय थोडंफार उपयोगी पडलं?' उत्तरात पुढची पायरी बहुधा आलेलीच असते.

आघातातून आलेल्या माणसाला घटनेचा तपशील खोदून विचारू नका. एकेकाळी आपत्तीनंतर सगळ्यांना एकत्र बसवून घडलेलं सविस्तर सांगायला लावण्याची पद्धत होती. अशा एका बैठकीच्या सक्तीच्या कथनाने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, काहींचा तर वाढतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटनाही ती वापरू नये असंच सांगते. ज्याला सांगायचं आहे त्याचं ऐका. ज्याला नाही त्याला 'आत्ता सगळ्यात आधी काय हवंय?' असं विचारा.

कुणी घाबरून थरथरू लागलं, श्वास वेगाने होऊ लागला, तर 'शांत व्हा' म्हणून उपयोग नाही. तुमचा स्वतःचा आवाज खाली आणा, दोन्ही पाय जमिनीवर टेकवायला सांगा आणि बरोबरीने श्वास घ्या: चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर, दोन-तीन मिनिटं. मग खोलीत दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा. छातीत दुखणं, एका बाजूला बधिरपणा, शुद्ध हरपणं यातलं काही असेल तर मात्र ते मनाचंच आहे असं गृहीत धरू नका. आधी डॉक्टर.

वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी तसं सांगा. ऐकलेलं दोन वाक्यांत परत मांडा, 'मी नीट समजलो का?' असं विचारा, आणि एकच लहान पुढची पायरी ठरवा: कुणाला फोन, कोणत्या दिवशी दवाखाना, पुन्हा कधी भेट. पायरी आणि तारीख चिठ्ठीवर लिहून द्या. ताणाखालच्या माणसाच्या लक्षात तोंडी सूचना राहत नाहीत.

जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार असेल तर

'आता काही अर्थ राहिला नाही', 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास आहे', 'लवकरच सगळं सुटेल' अशी वाक्यं, वस्तू वाटून टाकणं, निरवानिरव केल्यासारखं बोलणं, किंवा बराच काळ अस्वस्थ असलेल्याचं अचानक शांत होणं दिसलं, तर सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारलं याने बऱ्याच जणांना सुटल्यासारखं होतं. शब्द स्पष्ट असू द्या: 'इतका त्रास होत असताना जीव संपवावा असं मनात येतं का?' 'काही वेडंवाकडं तर करणार नाही ना?' असं विचारलं की माणूस 'नाही' म्हणून मोकळा होतो, कारण तुम्हाला तेच ऐकायचंय हे त्याला कळतं.

उत्तर 'हो' आलं तर चेहरा आणि आवाज स्थिर ठेवून पुढचं विचारा: कसं करायचं याचा विचार केला आहे का? ते साधन जवळ आहे का? वेळ ठरवली आहे का? पूर्वी कधी प्रयत्न झाला होता का? बेत, साधन आणि वेळ ठरलेली असेल, तर त्या माणसाला एक मिनिटही एकटं सोडू नका. देखरेख करणाऱ्याला तिथूनच फोन लावा आणि त्याच दिवशी तातडीच्या वैद्यकीय सेवेपर्यंत सोबत जा. 'मी कुणाला सांगणार नाही' असं वचन कितीही गळ घातली तरी देऊ नका. विचार आहेत पण बेत नाही, अशा स्थितीतही तो दिवस तसाच जाऊ देऊ नका. देखरेख करणाऱ्याशी लगेच बोला, तज्ज्ञांची लवकरात लवकरची वेळ घ्या आणि सुरक्षा आराखडा बनवा.

हा आराखडा एका पानाचा असतो आणि तो त्या माणसाच्या हस्ताक्षरात असावा. क्रम असा: त्रास वाढत असल्याची माझी खूण कोणती, एकट्याने काय केलं की लक्ष वळतं, कुठे गेलं, कुणासोबत बसलं की बरं वाटतं, कोणाला उघडपणे सांगू शकतो, कोणत्या डॉक्टरला किंवा हेल्पलाइनला फोन करायचा, आणि घर सुरक्षित कसं करायचं. हे शेवटचं कलम घाईत राहून जातं, पण सगळ्यात जास्त जीव तेच वाचवू शकतं. टोकाची लाट बहुधा थोड्या वेळाची असते. तेवढ्या वेळात साधन हाताशी नसलं तर माणूस वाचतो. औषधांचा साठा, कीटकनाशकं, शस्त्र असं काही घरात असेल तर ते संमतीने विश्वासातल्या माणसाकडे द्यायची सोय त्याच बैठकीत करा. 'मी असं करणार नाही' असं लिहून घेतलेल्या करारांचा मात्र भरवसा धरू नका. त्याने फक्त आपल्याला बरं वाटतं.

पुढे कधी आणि कुणाकडे पाठवायचं

दुःख हा आजार नाही. परंतु उदासी किंवा कशातच रस नसणं दोन आठवडे जवळजवळ रोज असेल आणि झोप, भूक, काम, मुलांचं पाहणं यांवर परिणाम होत असेल, तर डॉक्टरांकडे पाठवायला हवं. कानात आवाज येणं किंवा कुणीतरी मागावर आहे असं ठाम वाटत राहणं दिसलं तर शक्य तितक्या लवकर मनोविकारतज्ज्ञ. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत गोंधळलेलं बोलणं, दिवसेंदिवस झोप न येणं किंवा बाळाला इजा करण्याचे विचार असतील तर त्याच दिवशी. रोज भरपूर दारू पिणाऱ्याला 'आजपासून बंद' असा सल्ला चुकूनही देऊ नका. अचानक बंद केल्याने झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावं.

संस्थेकडे पत्त्यांची यादी असतेच, पण बहुतेक याद्या जुन्या असतात. दर तीन महिन्यांनी प्रत्येक क्रमांकावर स्वतः फोन लावून पाहा: अजून सुरू आहे का, कोणत्या दिवशी, फी किती, कोणती कागदपत्रं लागतात, बाईंना बाई डॉक्टर मिळेल का, चाकाची खुर्ची आत जाते का. नुसता पत्ता दिला तर पुष्कळ जण पोहोचतच नाहीत. समोर बसून वेळ घेऊन द्या, शक्य असेल तर पहिल्या भेटीला सोबत द्या.

औषधं सुरू झाली की खरा धोक्याचा काळ पहिल्या महिन्यात असतो. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, पण तोंड कोरडं पडणं, मळमळ, सुस्ती हे आधी सुरू होतं. माणूस 'फायदा नाही, त्रासच आहे' म्हणून गोळ्या सोडतो. म्हणून पहिले सहा आठवडे दर आठवड्याला एक फोन ठरवून घ्या. औषधाविषयी मत न देता एवढंच विचारा: घेताय ना, त्रास काय होतोय, डॉक्टरांना सांगितलंत का? अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढल्याचं कळलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधून द्या.

मुलाने अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर चौकशी करू नका. 'सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही' एवढं म्हणा, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा आणि बालसुरक्षेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीकडे लगेच जा. बऱ्याच देशांत हे अधिकाऱ्यांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याला लागू असलेली तरतूद त्या एका पानाच्या कागदावर लिहून ठेवा.

नोंदी

कमीत कमी लिहा: तारीख, क्रमांक, मुख्य अडचण, धोका आहे की नाही, ठरलेली पायरी, पुढची तारीख. नावांची यादी वेगळ्या कुलूपबंद कपाटात. 'चिडखोर', 'नाटकी' असे शेरे नकोत. तो माणूस उद्या ते कागद वाचायला मागू शकतो, हे धरूनच लिहावं. कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाची हकिकत नाव न घेतासुद्धा टाकायची नाही. छोट्या वस्तीत दोन तपशील पुरतात.

ऐकणाऱ्यांना कोण ऐकणार

'बर्नआउट' हा शब्द मानसशास्त्रात रुळवणाऱ्या हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये त्याबद्दल लिहिलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात राबणारे लोक होते. म्हणजे ही थकवणूक सेवाभावी कामाच्या पोटातच आहे. जो जास्त झोकून देतो तो आधी जळतो. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी तिची तीन अंगं मांडली: भावनिक दमणूक, समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा, आणि आपल्या हातून काहीच होत नाही ही भावना. यातलं दुसरं ओळखायला शिका. 'हे लोक असेच असतात' अशी वाक्यं टेबलावर ऐकू येऊ लागली की तो कार्यकर्ता वाईट झालेला नसतो, संपत आलेला असतो. त्याला उपदेश नको, त्याची पाळी कमी करा.

समोरच्याच्या वेदनेत बुडून जाणं आणि त्याच्या भल्यासाठी काही करावंसं वाटणं, या मनाच्या दोन वेगळ्या अवस्था आहेत. पहिलीने माणूस दमतो, दुसरी त्याला उभं ठेवते. म्हणून कार्यकर्त्याला 'कठोर हो' असं शिकवू नका. बैठकीत जड झालं की पायाखालची जमीन जाणवू देणं, एक लांब श्वास सोडणं आणि 'आत्ता या माणसाला काय उपयोगी पडेल?' याकडे लक्ष वळवणं, हा सराव करून घ्या.

बाकी सगळं व्यवस्थापनाचं काम आहे. पाळी चार तासांपेक्षा मोठी नको. स्वयंसेवकाने स्वतःचा फोन क्रमांक द्यायचा नाही, संस्थेचा एक क्रमांक आणि त्याच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. एकाच माणसाचा सगळा आधार एकाच स्वयंसेवकावर येऊ देऊ नका, तिसऱ्या भेटीपर्यंत दुसऱ्याची ओळख करून द्या. दर पंधरवड्याला ६० ते ९० मिनिटांची देखरेखीची बैठक ठेवा. तिथे अहवाल मागू नका. 'कोणती गोष्ट घरी घेऊन गेलात?' असं विचारा. ही बैठक कामाच्या वेळेतच धरा, वर्गणीच्या किंवा कार्यक्रमाच्या गडबडीतही ती रद्द होता कामा नये. एखाद्या माणसाने आत्महत्या केली तर त्याच्याशी बोललेल्या स्वयंसेवकाला त्याच दिवशी भेटा. कुणाची चूक ही चर्चा त्या आठवड्यात नाही. त्याला सुट्टी हवी की काम, हे त्यालाच ठरवू द्या. महिन्याभराने पुन्हा विचारा, कारण तोवर बाकी सगळे विसरलेले असतात.

काम सोडणाऱ्या स्वयंसेवकासाठी शेवटची दोन आठवड्यांची मुदत ठेवा. तो ज्यांच्याशी बोलत होता त्या प्रत्येकाला त्याने स्वतः निरोप द्यावा आणि नव्या माणसाशी गाठ घालून द्यावी. ज्यांच्या आयुष्यातून माणसं न सांगता निघून गेलेली असतात, त्यांना संस्थेकडूनही तसाच अनुभव येऊ नये. आणि हे सगळं सुरू करायला वर्षभराची तयारी लागत नाही. पहिल्या महिन्यात हद्दीचं पान, फोन करून तपासलेली यादी आणि देखरेख करणाऱ्याचा होकार मिळवा. दुसऱ्या महिन्यात प्रशिक्षण करा. तिसऱ्या महिन्यात आठवड्यातून एक दुपार, एक खोली आणि दोन स्वयंसेवक एवढ्यावर सेवा उघडा, आणि येणाऱ्यांची संख्या नव्हे तर ठरलेल्या तारखेला पुन्हा भेटलेल्यांची संख्या मोजा.